सडा, घाट आणि दोन अँटेनांमधले अंतर

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा उभा छेद घेतला तर तीन पायऱ्या दिसतात. पश्चिमेला समुद्र, त्याला लागून जांभ्याचे सडे, आणि चाळीसेक किलोमीटर आत गेल्यावर सह्याद्रीची भिंत. या तिन्ही पायऱ्यांवरून माणसे दूरच्या माणसांना काही ना काही कळवत आली आहेत. आधी निशाणाने, मग दिव्याने, आणि गेल्या शतकापासून रेडिओने. आज मालवण-देवगड पट्ट्यात एखाद्या हौशी रेडिओचालकाने, म्हणजे सगळे ज्याला हॅम म्हणतात त्याने, एकाच मनोऱ्यावर दोन अँटेना एकावर एक चढवायचे ठरवले, तर दोघींमध्ये उभे अंतर किती ठेवायचे हा प्रश्न त्याला पडतो. प्रश्न निव्वळ तांत्रिक वाटतो. पण त्याच्या उत्तरामागे या किनाऱ्याचा मोठा अनुभव उभा आहे. ‘जितके उंच तितके चांगले’ ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही. माझे म्हणणे असे की रेडिओच्या बाबतीत ही समजूत अर्धीच खरी आहे. किती उंची हवी हे ऐकणारा कुठे बसला आहे त्यावर ठरते, आणि या भागात ज्यांनी आधी ऐकणारा पाहिला आणि मग उंची निवडली, त्यांचे काम साधले.

ही समजूत आली कुठून, ते समजण्यासारखे आहे. नजरेच्या टप्प्यातल्या कामात ती बिनचूक लागू पडते. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू झाले. किल्ल्यावर २२८ फूट उंच निशाणकाठी होती आणि तिच्यावरचा भगवा पाहून मासेमार बुडत्या खडकांपासून लांब राहत, असे मालवणात सांगतात. आकड्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. एवढी उंच काठी कशाची घडवली असेल आणि आषाढातल्या वाऱ्यात तिला कशाने धरून ठेवले असेल, हे प्रश्न रास्तच आहेत. पण ही आठवण टिकली ती उंची कशासाठी हवी हे लोकांना ठाऊक होते म्हणून. हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. २२८ फूट म्हणजे सत्तर मीटरच्या आतबाहेर, तेव्हा अशी काठी समुद्रसपाटीवरून सुमारे ३० किलोमीटरपर्यंत क्षितिजाच्या वर राहील. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचे दीपगृह किंवा देवगडच्या किल्ल्यातले दीपगृह याच हिशेबावर उभे आहे. आजच्या मच्छीमार बोटींवरचा व्हीएचएफ संचही जवळजवळ तसाच वागतो. फक्त वातावरण रेडिओलहरी किंचित वाकवते, म्हणून ३.५७ च्या जागी ४.१२ धरायचे. बोटीवरची अँटेना पाण्यापासून ६ मीटरवर असेल तर अशा दोन बोटींना एकमेकींचे वीसेक किलोमीटरपर्यंत ऐकू येते. किनाऱ्यावरची अँटेना ५० मीटरवर नेली तर तोच पल्ला चाळिसाच्या जवळ जातो. तेव्हा व्हीएचएफला उंचीशिवाय तरणोपाय नाही हे मान्य. गफलत होते ती हा नियम लघुलहरींना जसाच्या तसा लावला की.

लघुलहरी आकाशात जातात, आयनांबरावरून परततात आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर उतरतात. १९२० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या हौशी चालकांना हे कळू लागले. दोनशे मीटरच्या खालच्या लहरी व्यापारी कामाला निरुपयोगी समजून त्यांच्याकडे सोपवल्या गेल्या होत्या. १९२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी त्याच लहरींवर अटलांटिक ओलांडून दुतर्फा संभाषण केले. भारतातही हौशी रेडिओची सुरुवात १९२१ च्या सुमाराची, कलकत्त्याची. पण उभ्या रचनेचा विचार महाराष्ट्रात आला तो सरकारी-व्यापारी वाटेने. मार्कोनी कंपनीचे अभियंते सी. एस. फ्रँकलिन यांनी आखलेल्या ‘बीम’ पद्धतीची केंद्रे १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकीला आणि दौंडला सुरू झाली. खडकीहून संदेश इंग्लंडला जाई, दौंडला तिकडचा घेतला जाई. याच बीम साखळीतल्या इंग्लंडमधल्या केंद्रांचे मनोरे २८७ फुटी होते. त्या उंचीइतकेच महत्त्व मनोऱ्यांवरून सोडलेल्या तारांना होते. फ्रँकलिन यांनी एकाच उभ्या तारेत अर्ध्या लहरलांबीचे तुकडे एकावर एक जोडले आणि मधे अशी वेटोळी घातली की सगळे तुकडे एका सुरात लहरी सोडतील. त्यामुळे ऊर्जा आकाशभर न पांगता जमिनीलगतच्या एका पट्ट्यात एकवटली. उभ्या रेषेत एकापेक्षा जास्त अँटेना ठरावीक अंतरावर ठेवून लहरींचा कोन हवा तसा वळवायचा, हे तत्त्व मराठी मुलखात प्रत्यक्ष कामाला लागले ते असे. पुढे लघुलहरी प्रक्षेपण केंद्रांच्या पडद्यासारख्या अँटेनांमध्ये, ज्यांत डायपोलच्या चार-चार ओळी अर्ध्या लहरलांबीच्या अंतराने एकावर एक टांगलेल्या असतात, तेच तत्त्व रूढ झाले.

आता घाटमाथ्यावरची आंबोली. उंचीच्या प्रश्नावरचा सिंधुदुर्गातला सर्वांत बोलका पुरावा तिथलाच आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळीबार केला, भारताने गोव्याची नाकेबंदी केली, आणि आतल्या जनतेला बाहेरची बातमी मिळणे जवळजवळ बंद झाले. पणजीला १९४६ पासून ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र होते, पण ते बोलणार ते राज्यकर्त्यांचे. अशा वेळी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गुप्त केंद्र सुरू केले. पोर्तुगीज भाषेत ‘व्होझ दा लिबरदाद’ आणि कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. सुरुवातीला निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्याबरोबर होते. दादरा आणि नगर हवेलीच्या मुक्तीच्या वेळी पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या बिनतारी संचांतून प्रक्षेपक तयार केला गेला. तो ट्रकमध्ये बसवला आणि ट्रक आंबोलीच्या रानात ठेवला. त्या वेळी आंबोली मुंबई राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या त्या रानात वीज-यंत्रांचे काम चालवणे म्हणजे काय, हे ज्याने तिथले धुके पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. नंतर हे केंद्र कर्नाटकाच्या बाजूला, कॅसलरॉकला गेले आणि मुक्तीपर्यंत चालू राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर सरदेसाई आणि लोबो यांनी भारतीय हवाई दलाच्या विमानातून, ध्वनिवर्धकावरून, पोर्तुगीज आणि कोकणी भाषांत ती बातमी गोमंतकीयांना ऐकवली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या शंभरीच्या होत्या.

आंबोलीच का, याचे उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात दिले जाते: उंची. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, तिथून खाली गोवा पसरलेला, मग आवाज जाणारच. नजरेच्या टप्प्याचा हिशेब केला तर हे पटतेही. ६९० मीटरवरून रेडिओचे क्षितिज शंभर किलोमीटरच्या पलीकडे जाते आणि पणजी सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. पण सैनिकी फिरते संच साधारणपणे लघुलहरींवर चालत, आणि लघुलहरींना एवढ्या जवळच्या श्रोत्यापर्यंत जाण्याची दुसरी, जास्त भरवशाची वाट असते. लहर जवळजवळ काटकोनात वर सोडायची, ती आयनांबरावरून परतून छत्रीसारखी सगळ्या मुलखावर उतरते. मधे डोंगर असला, दरी असली, श्रोता खोल खाजणात बसला असला तरी तिला अडत नाही. आणि अशी लहर सोडायला तार खालीच लागते. ७ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यात, जिथे लहरलांबी ४० मीटरच्या घरात असते, तिथे जमिनीपासून पाच ते दहा मीटरवर आडवी ताणलेली तार हे काम उत्तम करते. तीच तार वीस मीटरवर, म्हणजे अर्ध्या लहरलांबीवर नेली तर डोक्यावरच्या दिशेला ती जवळपास मुकी होते आणि गोवा सोडून दूरच्या मुलखाला ऐकू जाते. म्हणजे झाडांच्या आडोशाला, ट्रकजवळ, लपवता येईल एवढ्याच उंचीवर तार असेल, तर ती निव्वळ नाइलाजाची तडजोड नव्हती. पन्नास किलोमीटरवरच्या श्रोत्यासाठी तीच योग्य उंची होती. आंबोलीहून कॅसलरॉकला जाताना पणजीचे अंतर जवळजवळ तेवढेच राहिले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. घाटमाथ्याने त्यांना रान दिले, सीमेची जवळीक दिली. डोंगराची उंची आणि तारेची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या सांगण्यात त्या एकच होऊन बसल्या आहेत. मुंबईत १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओने इमारती बदलत बदलत ४२.३४ मीटरवर प्रक्षेपण केले. तिथेही कोणाला मनोरा उभारता आला नव्हता, आणि तरी आवाज पोहोचला.

आता मालवणच्या हॅमकडे येऊ. त्याचा श्रोता वेगळा, म्हणून त्याचा हिशेबही वेगळा. समजा त्याच्याकडे १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ अशा तिन्ही पट्ट्यांवर चालणाऱ्या दोन यागी अँटेना आहेत. जपानमध्ये १९२६ च्या सुमारास उडा आणि यागी यांनी मांडलेल्या रचनेचीच ही बहुपट्टी आवृत्ती. एक जमिनीपासून १० मीटरवर, दुसरी २० मीटरवर. आडव्या अँटेनेची लहर जमिनीवर आपटून परतते आणि थेट निघालेल्या लहरीत मिसळते. काही कोनांत दोघी एकमेकींना बळ देतात, काहींत एकमेकींना पुसून टाकतात. १४ मेगाहर्ट्झवर खालच्या अँटेनेचा जोर क्षितिजापासून ३२ अंशांवर, वरचीचा १५ अंशांवर. इथपर्यंत ‘उंच ते चांगले’ बरोबर. पण २८ मेगाहर्ट्झवर, जिथे लहरलांबी साडेदहा मीटरच आहे, वरची अँटेना ७ अंशांच्या आसपास जोर दाखवते आणि नेमक्या १५ अंशांवर तिचा आवाज खड्ड्यात जातो. आता मालवणहून मस्कतचा विचार करा. कोकणातल्या किती घरांचा कोणी ना कोणी आखातात आहे हे सांगायची गरज नाही. अंतर सुमारे १८०० किलोमीटर. आयनांबराच्या तीनशे किलोमीटर उंचीवरच्या थरावरून एका उडीत तिथे उतरायचे तर लहर १४ अंशांच्या आसपास सोडावी लागते. सौरडागांचे वर्ष चांगले असेल आणि २८ मेगाहर्ट्झचा पट्टा उघडा असेल, तेव्हा वीस मीटरचा मनोरा मस्कतच्या बाबतीत जवळपास बहिरा ठरतो. त्याच वेळी दहा मीटरवरच्या अँटेनेचा पूर्ण जोर बरोबर त्या कोनावर असतो. खर्च करून चढवलेली उंची इथे आड येते, आणि ती आड येते हे चालकाला कळतही नाही. तो पट्टा बंद आहे असे समजून संच बंद करतो.

दोन अँटेनांची गरज इथून सुरू होते, आणि अंतराचा प्रश्नही इथेच. दोघींना एकाच वेळी, एका सुरात ऊर्जा दिली तर १५ अंशांवरचा तो खड्डा बराच भरतो, तरी त्या कोनावर एकटी खालचीच सरस. म्हणून मनोऱ्याच्या पायथ्याशी ‘वरची, खालची, दोन्ही’ असा निवडीचा खटका असणे हा या रचनेचा प्राण आहे. दोन्ही एकत्र चालवल्याचा फायदा कागदावर ३ डेसिबल, म्हणजे ऊर्जा दुप्पट केल्याइतका. प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी. तो मिळायला दोघींत पुरेसे अंतर लागते. अर्ध्या लहरलांबीपेक्षा फार कमी ठेवले तर दोघी एकमेकींच्या कह्यात जातात आणि दोन असून एकीचेच काम होते. एका लहरलांबीच्या फार पुढे गेले तर नको त्या चढ्या कोनांना ऊर्जा गळू लागते. एका पट्ट्यासाठी हे सोपे. तिन्ही पट्ट्यांना मात्र अंतर एकच मिळते, कारण मनोऱ्यावर रोज चढून कोणी अँटेना हलवत नाही. १० मीटर ठेवले तर ते १४ मेगाहर्ट्झवर अर्ध्या लहरलांबीच्या किंचित आत, २१ वर पाऊण लहरलांबीच्या जरा खाली आणि २८ वर एका लहरलांबीच्या जवळ येते. ७ मीटर केले तर १४ मेगाहर्ट्झ हातचा जातो, १५ मीटर केले तर २८ बिघडतो. मधल्या पट्ट्याला जे मानवते ते बाकी दोघांनी चालवून घ्यायचे, असा हा तोडगा आहे. मला तो फार समंजस वाटतो.

यावर पहिला आक्षेप घाटाचा. पूर्वेला सह्याद्री उभा असताना कोकणातून रेडिओ कसा चालणार, उंच मनोरा नको का, असे विचारले जाते. मोजून पाहिले तर चाळीस किलोमीटरवरची सातशे मीटरची भिंत मालवणहून जेमतेम एक अंश वर दिसते. व्हीएचएफला ती अडवते, यात वाद नाही. पण पाच, दहा, पंधरा अंशांनी निघणाऱ्या लघुलहरीला ती दिसतही नाही. दहा मीटर जास्त मनोऱ्याने तो एक अंश कमीही होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समुद्राचे खारे पाणी जांभ्यापेक्षा शेकडो पटींनी चांगले वीजवाहक. मग पाण्याच्या कडेला पाच मीटरची एक उभी काठी रोवली तर १४ मेगाहर्ट्झवर ती अगदी खालच्या कोनात लहर सोडते, मनोरा आणि जोड-अँटेनांचा खटाटोप कशाला? हे खरे आहे, आणि तात्पुरत्या केंद्रासाठी मी तोच मार्ग सुचवीन. पण हे बळ पाण्याला खेटून उभे असेपर्यंतच. काठी काही शे मीटर मागे, जांभ्यावर आणली की ते बरेचसे विरते. आणि मालवणच्या पुळणीवर कायमचे काही रोवायचे म्हणजे किनारा नियमनाची बंधने आली, भरती आली, रापण ओढणाऱ्या माणसांची वाट आली. शिवाय साधी उभी काठी सगळ्या दिशांना सारखीच ऐकते. यागीला जी निवड करता येते ती तिला नाही.

सड्याच्या कड्यावर मात्र पुस्तकी आकडे मोडतात, आणि हे सपाट मुलखासाठी लिहिलेल्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. ४० मीटरच्या कड्यावर अगदी टोकाला वीस मीटरचा मनोरा उभा केला तर समुद्राकडच्या लहरीसाठी त्याची उंची साठ मीटर होते, कारण परतणारी लहर आता खाली पाण्यावरून परतते. १४ मेगाहर्ट्झवर युरोप-आफ्रिकेसाठी ही चैनच. पण २८ मेगाहर्ट्झवर साठ मीटर म्हणजे दर पाच अंशांना एक खड्डा: ५ वर, १० वर, १५ वर. खालची अँटेना तिथे ५० मीटरवर असते. तिचे खड्डे ६ आणि १२ अंशांवर येतात, १५ ला ती भरात असते. साडेपाच अंशांच्या आसपास तर दोघीही मंदावतात, आणि एका सुरात जोडूनही तो खड्डा बुजत नाही. म्हणून कड्यावर अंतर ठरवण्याआधी कडा मोजावा आणि जमल्यास मनोरा टोकापासून मागे घ्यावा, म्हणजे चढ्या कोनांची लहर सड्यावरून परतेल आणि खालच्या कोनांची समुद्रावरून.

तिसरा आक्षेप वाऱ्याचा, आणि माझ्या मते अंतिम निर्णय त्याच्याच हाती असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. नोव्हेंबर २००९ मधले फयान आणि मे २०२१ मधले तौक्ते ज्या किनाऱ्याने सोसले, तिथे शेंड्यावर यागी ठेवताना हा हिशेब चुकवता येत नाही. मनोऱ्याचे ताण जिथे बांधले असतील त्याच्या लगेच वर अँटेना बसवावी लागते, मधल्या लोंबत्या भागात ती मनोरा वाकवते. तेव्हा १० मीटरचे अंतर कागदावर ठरले तरी ताणांच्या जागा ९ वर आणि १८ वर असतील तर ९ स्वीकारावे. २८ मेगाहर्ट्झला त्याने काही बिघडत नाही, १४ ला थोडे कमी पडते. खाऱ्या हवेत लोखंडी नट-बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचेच हवेत. आणि वादळाचा इशारा आला की वरची अँटेना उतरवून ठेवावी. वीज आणि मोबाइल गेल्यावर ज्यांना निरोप द्यायचा असतो ते आखातात नसतात, राज्यातच असतात. १० मीटरवर राहिलेली खालची अँटेना १४ मेगाहर्ट्झवर दिवसा ज्या कोनात बोलते तो सव्वाआठशे किलोमीटरवरच्या नागपूरला जुळतो. मुंबईसाठी आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बोलण्यासाठी ७ मेगाहर्ट्झची एक साधी तार, माडांच्या दोन बुंध्यांमध्ये सहा-सात मीटरवर ताणलेली, शेजारी असू द्यावी.